अंकुर आणि आगकाडी

दादासाहेब फाळक्यांच्या 'अंकुराची वाढ' या लघुपटाविषयी एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, महिनाभर रोज एक चित्र घेतलं आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली. गोष्ट इतकी गोटीबंद आहे की ती तपासून पाहावी असं सहसा वाटत नाही. पण मूकपटाच्या काळातला साधारण वेग, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं, धरला तर मिनिटाला ९६० चित्रं लागतात. रोज एक या हिशेबानं महिन्याला मिळतात ३०. तेवढ्यात दोन सेकंदही भरत नाहीत. मिनिटभर अंकुर वाढताना दिसायचा असेल तर दिवसाला ३२ चित्रं हवीत. अहोरात्र काम केलं तर दर पाऊण तासाला एक, फक्त दिवसाउजेडी केलं तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक.

हा हिशेब मी कुणाची चूक काढायला मांडत नाही. 'रोज एक चित्र' या शब्दांत व्रताचा सूर आहे, तो आपल्याला आवडतो. रोज एक फूल वाहावं तसं रोज एक चित्र. मग महिन्यानं देव प्रसन्न होतो आणि भारतीय चित्रपट जन्माला येतो. हिशेब मांडला की व्रत मागे पडतं आणि काम दिसू लागतं. दर वीस-बावीस मिनिटांनी उठायचं, उजेड पाहायचा, कॅमेऱ्याला धक्का लागू न देता एकच चित्र घ्यायचं आणि पुन्हा वाट पाहायची. फाळक्यांच्या कलेचं मोल करायचं तर ते या वाट पाहण्यापासून करायला हवं, असं मला वाटतं.

त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचा असे. दांड्याच्या एका फेऱ्यात सर्वसाधारणपणे आठ चित्रं उठत. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. एकेक चित्र घेण्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांना दांडा अडकवायची वेगळी जागा असे, तिथे एका फेऱ्याला एकच चित्र. यंत्राचा भाग इथे संपतो. अवघड असतो तो मधला काळ. कुंडी बोटभर सरकली तर पडद्यावर रोपटं उडी मारतं. ऊन सरकलं, ढग आला, तर चित्र लुकलुकतं. रोप तर स्वतःच उजेडाकडे वळत असतं. पडद्यावर वाढ सलग दिसावी म्हणून वाढीखेरीज सगळं जागच्या जागी राखावं लागतं.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत, हे नोंदलेलं आहे. अशा घरात दर वीस मिनिटांनी करायचं काम एकट्या माणसाचं राहत नाही. 'रोज एक' म्हटलं की कलावंत एकटा उरतो. 'दिवसाला ३२' म्हटलं की घर दिसतं.

आपल्या चित्रपट-इतिहासात या लघुपटाची जागा ठरलेली आहे. १९१२च्या सुमारास भांडवल मिळवण्यासाठी केलेला नमुना, निवडक लोकांना दाखवलेला, ज्याच्या जोरावर यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी पैसे पुढे केले. मग ३ मे १९१३ला कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि खरा इतिहास सुरू झाला. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं नावच सांगतं की वाट कुठे जाते. रोपटं हे त्या वाटेवरचं एक ठाणं. आशिष राजाध्यक्षांनी १९८७च्या आपल्या महत्त्वाच्या निबंधात फाळक्यांचं युग पारंपरिक रूपबंध आणि आधुनिक तंत्रज्ञान यांच्या संघर्षातून वाचलं. पौराणिक चित्रपटांपुरतं ते वाचन आजही कामाला येतं. पण वाटाण्याच्या रोपात पुराण नाही, दर्शन देणारा देव नाही, ज्याच्याशी तंत्रानं झगडावं असं परंपरेचं रूपही नाही. आहे तो काळ, आणि काळाचे तुकडे पाडून ते पुन्हा जोडणारा माणूस. म्हणून हा लघुपट नमुना ठरतो आणि चर्चेतून निसटतो. १९१५चा 'आगकाड्यांची मौज' त्याच वाटेनं गेला. दोन्ही फिल्म आज हरवलेल्या आहेत.

या दोन लघुपटांना एकत्र ठेवायचं कारण त्यांचं तंत्र एक आहे आणि दिशा उलट आहेत. अंकुर थांबत नाही. आगकाडी हलत नाही. अंकुराच्या बाबतीत छायाचित्रकाराला रोपाच्या वेळेनुसार चालावं लागतं. ते रात्री वाढलं तर रात्री, कोमेजलं तर पहिल्यापासून. आगकाडीच्या बाबतीत सगळी वेळ त्याच्या हातात असते. काडी किंचित सरकवा, हात बाजूला घ्या, एक चित्र घ्या, पुन्हा सरकवा. जेवून येईपर्यंत काडी थांबते. पहिल्या प्रकारात जे जिवंत आहे पण इतकं सावकाश की आपल्याला दिसत नाही, ते दिसू लागतं. दुसऱ्यात जे निर्जीव आहे त्याला जीव आल्यासारखं वाटतं.

जगात त्याच सुमारास या दोन्ही वाटांवर माणसं चालत होती, पण वेगवेगळी. १९१०मध्ये इंग्लंडात पर्सी स्मिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' आला. फुलं उमलण्याचे तास त्यात काही क्षणांत सरतात. त्याच वर्षी कौनास या गावी व्लादिस्लाव स्तारेविच या पोलिश वंशाच्या निसर्ग-अभ्यासकाला नर भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्यांच्या उजेडात भुंगेरे हालचाल करीनात. मग त्यानं मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय मेण आणि तारेनं अंगाला जोडले आणि एकेक चित्र घेत ती झुंज घडवली. १९१२च्या त्याच्या 'द कॅमेरामन्स रिव्हेंज'मध्ये कीटक प्रेमप्रकरणं करतात, एकमेकांवर पाळत ठेवतात आणि सिनेमाही पाहायला जातात. स्मिथनं जिवंताचा वेग बदलला, स्तारेविचनं मेलेल्याला हालचाल दिली. फाळक्यांनी तीन-चार वर्षांच्या अंतरानं दोन्ही केलं. आपल्याकडे १९०२मध्ये जगदीशचंद्र बोसांचं सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादाविषयीचं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं. बोसांनी ती सीमारेषा प्रयोगशाळेत तपासली. फाळक्यांनी तीच रेषा एका कुंडीपाशी आणि एका टेबलावर ओलांडली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

१९१५ हे सालही लक्षात घ्यावं. आदल्या वर्षी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले होते. महायुद्ध पेटलं आणि इथले भांडवलदार मागे सरले. पौराणिक चित्रपटाला माणसं, कपडेपट, देखावे आणि हजारो फूट फिल्म लागते. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे मिनिटभराच्या लघुपटाला ६० फूट पुरतात. आगकाड्यांचा लघुपट एका टेबलावर होतो. त्यात फिल्म कमी आणि वेळ जास्त खर्च होतो, आणि पैसा आटलेल्या माणसापाशी वेळ तेवढा असतो. काडेपेट्या तेव्हा बहुतेक बाहेरून, स्वीडन आणि जपानहून येत. स्वदेशीच्या वाऱ्यात सरकारी नोकरी सोडलेल्या फाळक्यांचे हे नट विलायती होते, याची मला गंमत वाटते.

आगकाड्याच का? त्या सगळ्या सारख्या असतात, सरळ असतात, आणि टोकाला गुल असल्यामुळे माणसासारखं डोकं आणि धड आपोआप मिळतं. हे सुचलेले फाळके पहिले नव्हेत. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८मध्ये आगकाड्यांचा लघुपट केला होता. इंग्लंडात आर्थर मेलबर्न-कूपर यांच्या लघुपटात काड्यांची बाहुली सैनिकांसाठी काडेपेट्या पाठवा असं आवाहन भिंतीवर लिहिते. तो बोअर युद्धातला, १८९९चा, की पहिल्या महायुद्धातला यावर अभ्यासकांत वाद आहे. १८९९ खरं धरलं तर तो या प्रकारातल्या सर्वांत जुन्या चित्रपटांपैकी एक ठरतो.

अनुवाद हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या तिन्ही लघुपटांची नावं शेजारी ठेवून पाहिली. फ्रेंच नावाचा अर्थ 'सजीव केलेल्या आगकाड्या'. तिथे काड्यांवर काहीतरी केलं गेलं आहे, करणारा पडद्यामागे आहे. इंग्रजी नावात 'आवाहन' आहे. काड्या निरोप्याचं काम करतात. मराठी नावात मौज आहे, आणि 'आगकाड्यांची' ही षष्ठी दोन्हीकडे वळते. काड्या मौज करताहेत की काड्यांमुळे आपली मौज होते? इंग्रजीत या नावाचं भाषांतर काड्यांची 'फन' असं करतात आणि ही दुहेरी षष्ठी बरीचशी हरवते. 'अंकुराची वाढ'चं तर त्याहून वाईट झालं. इंग्रजी नोंदींत तो 'वाटाण्याच्या रोपाची वाढ' होतो. मराठी नावात रोप नाही. अंकुर म्हणजे नुकतं सुरू झालेलं, ज्याचं पुढे काय होईल ते ठरलेलं नाही असं काही. इंग्रजी नाव वनस्पतिशास्त्राच्या वर्गातलं वाटतं, मराठी नाव काळाविषयीचं आहे.

'मौज' या शब्दावर मात्र मला लखनौनं अडवलं. मी इथे राहते, आणि या लघुपटाचं नाव उर्दूच्या एका जाणकाराला सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मौज, यानी लहर?" मराठी साहित्यवाचकाला मौज म्हटलं की गंमत आठवते, फार तर गिरगावातलं प्रकाशनगृह. उर्दू कवितेवर वाढलेल्या कानाला आधी लाट ऐकू येते. शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा मूळ अर्थ तोच होता. फाळक्यांच्या मनात लाट होती असं मी म्हणणार नाही. पण त्या गैरसमजानं मला तंत्र नीट समजलं. लाटेत पाणी पुढे जात नाही. प्रत्येक थेंब जागच्या जागी थोडा हलतो आणि आपल्याला लाट धावताना दिसते. पडद्यावरही एकही चित्र हलत नाही. शेजारच्या चित्रापेक्षा प्रत्येक चित्र किंचित वेगळं असतं, आणि धावणारी काडी पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते.

लखनौत या विषयावर बोलताना आणखी एक नाव निघतं, गुलाबो-सिताबो. अवधमधल्या या हातमोज्यांच्या भांडकुदळ बाहुल्या शूजित सरकारांच्या २०२०च्या चित्रपटामुळे देशभर पोचल्या. महाराष्ट्रात असं बोलणं निघालं की पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पुढे येतात. आमच्याकडे हे आधीपासून होतंच, असं म्हणण्याचा मोह मोठा असतो. तो टाळायला हवा, कारण फरक मुळातला आहे. गुलाबोच्या आत खेळियाचा हात असतो; तो निघाला की गुलाबो चिंधी होते. कळसूत्री बाहुलीत हात वर असतो, पण खेळ चालू असेपर्यंत तोही सुटत नाही. आगकाडीच्या खेळात चित्र घेण्याच्या क्षणी हात तिथे असून चालत नाही. सगळं काम हाताचं, आणि एकाही चित्रात हात नाही. १९३३च्या 'किंग काँग'मध्ये विलिस ओब्रायन यांच्या मंडळींची बोटं बाहुलीच्या केसांना लागत राहिली आणि पडद्यावर काँगची लव सारखी फुरफुरताना दिसते. प्रेक्षकांना तो प्राण्याचा राग वाटला. तो खरं तर काढून घेतलेल्या हाताचा ठसा होता.

पूर्वज शोधायचाच तर तो कल्याणमध्ये सापडतो. १८९२च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दाखवायला सुरुवात केली. पात्रांच्या एकापाठोपाठ एक अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या दिव्यांनी पडद्यावर पाडायच्या की हालचालीचा भास होई. मॅजिक लँटर्नला त्यांनी 'शांबरिक खरोलिका' असं नाव दिलं. शंबर हा पुराणातला मायावी असुर. पडद्यावरची हालचाल ही माया आहे आणि ती तुकड्यातुकड्यांनी रचलेली आहे, हे दोन्ही तिथे आधीच समजलेलं होतं.

मायेचा उल्लेख आला की फाळक्यांची दुसरी ओळख येते. ते जादूचे प्रयोग करत, आडनावाची अक्षरं फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नावानं. चित्रपटातले त्यांचे चमत्कार याच विद्येचा पुढचा भाग म्हणून सांगितले जातात, आणि ते खरं आहे. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती १८९५मध्ये एडिसनच्या कंपनीनं राणी मेरीचा शिरच्छेद दाखवताना वापरली होती. १९१२मध्ये फाळके लंडनजवळ ज्या सेसिल हेपवर्थ यांच्याकडे गेले, त्यांनीही १९००मध्ये याच युक्तीनं मोटारगाडीचा स्फोट दाखवला होता. देव प्रकट व्हायला असा एक थांबा पुरतो. अंकुर वाढायला शेकडो लागतात. यंत्र तेच, कृती तीच, फरक फक्त संख्येचा. पण त्या फरकामुळे चमत्कार आणि वाढ हे दोन वेगळे अनुभव होतात. चमत्कारात काळ मोडतो आणि ते मोडणं आपल्याला दिसावं अशी अपेक्षा असते. वाढीत तो प्रत्येक चित्रागणिक मोडतो आणि कुठेच मोडलेला दिसत नाही.

फाळक्यांना आपण चमत्कारांसाठी लक्षात ठेवलं. त्याची किंमत पुढच्यांनी मोजली. एकेक चित्र घेऊन रचलेला चित्रपट हा आपल्याकडे लहान मुलांचा, जाहिरातींचा किंवा सरकारी प्रबोधनाचा प्रकार मानला जातो. फाळणीनंतर मुलतानहून लखनौला आलेले आणि इथेच चित्रकला व संगीत शिकलेले भीमसेन १९६१मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये दाखल झाले. विजया मुळे यांच्यासोबत त्यांनी केलेला १९७४चा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनच्या एका आख्ख्या पिढीला पाठ आहे. तो काड्यांचा किंवा मातीचा नाही, रेखाटलेला आहे. पण तिथेही चित्र कॅमेऱ्याखाली ठेवायचं, हात काढायचा, ते टिपायचं, पुढचं ठेवायचं. त्या टेबलाची वंशावळ फाळक्यांच्या टेबलापर्यंत जाते, आणि भीमसेन यांच्या कामावर चित्रपट-समीक्षेनं किती पानं खर्च केली ते पाहिलं तर ती वंशावळ पुसली गेल्याचं कळतं. मुंबईत सुरेश एरियत यांनी मातीच्या बाहुल्यांचा 'टोकरी' अनेक वर्षं खपून पुरा केला. त्याचीही चर्चा पुरस्कारांच्या यादीपाशी थांबते.

हरवलेल्या कलाकृतीवर समीक्षा लिहिताना पटकथा, वृत्तान्त, छायाचित्रं यांचा आधार घ्यायची पद्धत आहे. या दोन लघुपटांच्या बाबतीत आणखी एक आधार आहे, तो म्हणजे त्यांची कृती. 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण कुणालाही पुन्हा करता येणार नाही. अंकुराचं करता येतं. फाळक्यांच्या 'चित्रपट कसे तयार करतात' या १९१७च्या लघुपटाचा जो भाग उरला आहे, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. म्हणजे काम दाखवण्याजोगं असतं, असं त्यांचंही मत होतं. चित्रपट शिकवणाऱ्या वर्गात फाळक्यांवरच्या तासाला हरिश्चंद्राची उरलेली रिळं दाखवतात, ती दाखवावीतच. त्याबरोबर एक कुंडी, एक फोन आणि ९६० चित्रांचा हिशेब विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात येईल की रात्री कुणीतरी जागं राहायला हवं, आणि मग कोण राहणार यावर बोलणं होईल. 'रोज एक चित्र' या शब्दांनी शंभर वर्षं जे झाकून ठेवलं, ते त्या बोलण्यात बाहेर येईल.